दादाकडे ठेवलेल्या दुरुस्त्या

६ जानेवारी

छोट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, काम मात्र नवं आहे. माझा भाऊ हॉस्पिटलातले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवतो, असं मी आजवर चार लोकांत मिरवत आले. त्याचा मला कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. फोनच करणार होते, पण तुझी रात्रपाळी, माझं ऑफिस दिवसाचं, आणि फोनवर तू मला पहिल्या वाक्यातच तोडतोस. ईमेल निदान शेवटपर्यंत वाचशील.

आमचं काम तुला माहीत आहे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, जो कुणी उघडत नाही आणि उघडलाच तर पुन्हा तशी घडी कुणाला जमत नाही, तो आम्ही तयार करतो. सध्या जुन्याच कागदांच्या सुधारित आवृत्त्या चालू आहेत. आमच्याकडे कॉम्प्युटर सगळ्या जातीकुळीचे. मांडणी करणारी मुलगी सफरचंदवाल्यावर बसते, मालकांचा लॅपटॉप आहे, आणि आम्ही मजकूर तपासणारे मागे राहिलेल्या विंडोजवर. फाइली सगळ्यांच्या मिळून एका वेगळ्या पेटीत राहतात. तिचं नाव दादा. दोनेक महिन्यांपूर्वी जुना दादा थकला म्हणून नवा आणला. मालकांनी नाव तेच ठेवलं. लोकांच्या जिभेला वळण पडलंय, ते कशाला मोडायचं, असं त्यांचं म्हणणं.

तर माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. मजकूरच तपासतात, माझ्याच वयाच्या. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या हल्ली राहत नाहीत. आज फाइल नीट करून ठेवावी, तर दुसऱ्या दिवशी ती होती तशी. बाकी कुणाचं असं होत नाही. ऑफिसचा कॉम्प्युटरवाला येऊन गेला, दोन वायरी हलवल्या, चहा प्यायला आणि सगळं उत्तम आहे म्हणाला. औषधकंपन्यांशी करार असल्यामुळे बाहेरच्या माणसाला आमच्या यंत्रांत लांबून शिरू देत नाहीत, म्हणजे तुला जे करायचं ते मला सांगूनच करावं लागेल.

बाई बिचाऱ्या काळजीत आहेत. जमेल तेव्हा कळव.

ताई

•

९ जानेवारी

ताई,

तू मला कामाचं पत्र लिहिशील हे मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. इथे सगळ्यांना दाखवलं. वायरी हलवून चहा पिणारा माणूस आमच्याकडेही आहे, तो माझा वरिष्ठ आहे.

आता नीट ऐक. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, त्याला आकडे कळतात. बाई जेव्हा 'दादा' उघडतात, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर आधी कुणाला तरी विचारतो, की बाबा रे, दादा राहतो कुठे? उत्तर आकड्यांत येतं आणि मग तो त्या घरी जातो. बहुतेक ऑफिसांत हे उत्तर द्यायचं काम राउटर करतो, म्हणजे ती इंटरनेटची दिवे लुकलुकणारी डबी. उत्तर चुकीचं मिळालं तर माणूस भलत्याच घरी जाऊन बसतो.

तेव्हा पहिली तपासणी अशी. बाईंच्या कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघड. कशी उघडायची ते खाली वेगळं लिहिलंय, घाबरू नकोस, त्यातून काही बिघडत नाही. तिथे इंग्रजी अक्षरांत पिंग, मग जागा सोडून दादा, असं टाइप कर. आकड्यांची एक ओळ येईल. तीच गोष्ट मांडणीवालीच्या कॉम्प्युटरवर कर. दोन्हीकडे आकडे सारखे आले तर दोघी एकाच घरी जातात. वेगळे आले तर चोर सापडला.

आणि आपल्यात ठेवण्यासारखं एक सांगतो. माझ्या नोकरीत 'फाइल गायब झाली' म्हणून आलेल्या दहातल्या नऊ तक्रारींत फाइल सेव्हच केलेली नसते. त्यातून बाई तुझ्या वयाच्या म्हणतेस. वय झालं की व्हायचंच.

भावजींना नमस्कार.

छोट्या

•

१२ जानेवारी

छोट्या,

तू सांगितलंस तसं केलं. बाईंच्या कॉम्प्युटरवर शेवटचा आकडा वीस आला, मांडणीवालीकडेही वीस. मालकांच्या लॅपटॉपवर करून पाहिलं, तिथेही वीस. सकाळी दादा उघडायला बाईंना जरा जास्त वेळ लागतो, पण उघडतो.

मधे एक वाईट गोष्ट झाली. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद होता. कंपनीच्या मजकुरात 'दीड चमचा' असं चुकून आलं होतं, हवं होतं 'अर्धा चमचा'. बाई म्हणतात त्यांनी ते सुधारलं होतं. छापखान्यात गेलं ते 'दीड'च. कंपनीच्या माणसाने छापायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं. मालक कुणावर ओरडत नाहीत, ते आणखी हळू बोलायला लागतात. त्यांनी बाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काही दिवस विश्रांती घेता का, असं विचारलं.

यंत्र बरोबर आहे का नाही, तेवढं मला स्पष्ट लिही. बाईंना सांगायचं आहे.

ताई

•

१३ जानेवारी

ताई,

स्पष्टच लिहितो. तिन्हीकडे वीस म्हणजे यंत्र निर्दोष. तिघंही एकाच दादाच्या घरी जातात. सकाळचा वेळ लागणं म्हणजे कॉम्प्युटर म्हातारा, एवढंच.

बाईंबद्दल वाईट वाटलं. पण चमच्याचा प्रश्न आहे, आणि तोही लहान मुलांच्या. कुणाला वाईट वाटू नये म्हणून अशा जागी माणूस ठेवत नाहीत. मालक भले दिसतात. बाईंना समजावून सांग, घरच्यांनी एकदा डॉक्टरकडे नेऊन आणावं. आपल्या आईच्या वेळी आपण फार उशिरा पाहिलं, हे तूच म्हणत होतीस.

इथे थंडी मरणाची आहे. तू विणलेला मफलर वापरतोय, रंगाबद्दल लोक विचारतात.

छोट्या

•

२ फेब्रुवारी

छोट्या,

इतके दिवस लिहिलं नाही. मधे तुझी दोन पत्रं आली, माझं उत्तर येईना म्हणून तू काळजीत पडलास, हे कळलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर कुणी बसत नाही. त्यावर आम्ही डबे ठेवतो. ती बाई मी आहे.

तुला राग आला असेल तर येऊ दे. खरं लिहिलं असतं तर तू माझी समजूत काढली असतीस, आणि मला समजूत नको होती, उत्तर हवं होतं. ते मिळालं. यंत्र निर्दोष आहे. तू फार नीट लिहिलंस, मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग बराच वेळ कशाला आत आले होते ते आठवेना. तेव्हा तर खात्रीच झाली.

आईचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा लांब होतास, तुला टप्पे माहीत नाहीत, मला पाठ आहेत. केलेलं काम केलं नाही म्हणायची, न केलेलं केलं म्हणून भांडायची. पुढे मला तिची आत्या समजायला लागली आणि माझ्याशी फार अदबीने वागायची. मला ती अदब सहन व्हायची नाही. आता मालक माझ्याशी तसंच अदबीने बोलतात.

माझं काय होतं ते सांगते. सोमवारी एक कागद तपासून संपवते. मंगळवारी उघडते तर एकही दुरुस्ती नाही. शरमेने कुणाला न सांगता पुन्हा सगळ्या करते. गुरुवारी उघडते, तर मंगळवारचं केलेलं गेलेलं आणि सोमवारचं परत आलेलं. सोमवारचंच आहे हे मी ओळखते, कारण सोमवारी मी 'पोटात घ्यावे' केलं होतं आणि मंगळवारी 'तोंडाने घ्यावे'. म्हणजे मला धड विसरताही येत नाही. नमुन्याच्या दिवशी तर हमखास घोळ होतो. त्या दिवशी मांडणीवाली मागच्या खोलीत रंगाचे नमुने काढायचं मोठं मशीन चालू करते, ते दिवसभर घरघरतं आणि माझं डोकं उठतं. शिणल्यावर माणूस जास्त विसरतं, तसं असेल.

या महिन्याअखेर मी काम सोडणार आहे. मालकांना अजून सांगितलेलं नाही. यांना परवा सांगितलं. तुला सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढे मी काही वेडंवाकडं लिहिलं किंवा तुला दुसऱ्याच नावाने हाक मारली, तर मनाला लावून घेऊ नकोस. मुलांच्या औषधाचा तो चमचा मला रोज दिसतो. तो कागद तसाच बाहेर गेला असता तर काय?

ताई

•

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आत्ता वाचलं आणि लगेच लिहितोय, शुद्धलेखन बघू नकोस.

आधी ते 'वय झालं की' वगैरे मी लिहिलं त्याबद्दल माझ्या पाठीत धपाटा घाल. उधार ठेव, आलो की घाल. डॉक्टरकडे नेऊन आणा, असं मी माझ्याच बहिणीला लिहिलं, आणि वर मफलरच्या रंगाची चेष्टा केली. मला भडभडून आलं, हे इथल्या लोकांनीही पाहिलं.

आता रडणं बाजूला ठेवतो, कारण तू एक वाक्य लिहिलं आहेस आणि ते तुलाच कळलेलं नाही. सोमवारचं परत आलं. ताई, आईचं जे गेलं ते कधी परत आलं का? विसरणारा माणूस केलेलं विसरतो. पण फाइलीत 'पोटात'च्या जागी 'तोंडाने' आणि पुन्हा 'पोटात', तेही शब्दन्‌शब्द, हे कुणाच्या विसरण्याने होत नाही. ते दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेले दोन कागद आहेत. तू कधी एका घरी जातेस, कधी दुसऱ्या. मी तुला एकाच दिवशी आकडे बघायला लावले आणि निकाल देऊन मोकळा झालो. तो दिवस नमुन्याचा नव्हता, पैजेवर सांगतो.

मला तीन गोष्टी कळव. नमुन्याचं ते मशीन कुठल्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे? जुना दादा थकला म्हणून नवा आणला, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलंस. मग तो जुना गेला कुठे? आणि नमुन्याच्या दिवशी, मशीन घरघरत असताना, पुन्हा पिंग दादा कर. एकटी करू नकोस. मांडणीवालीलाही त्याच वेळी तिच्या जागेवर करायला लाव.

तोवर मालकांशी एक अक्षर बोलायचं नाही. शपथ आहे माझी.

छोट्या

•

६ फेब्रुवारी

छोट्या,

पाच.

माझ्याकडे पाच, तिच्याकडे वीस, एकाच क्षणी. मी पुन्हा केलं, पुन्हा पाच. मांडणीवालीला वाटलं माझं टाइप करताना चुकतंय. माझ्या टेबलाशी येऊन तिने मला हळूच बाजूला सारलं आणि स्वतः केलं, तिलाही पाच. मग ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. मग तुझं पत्र तिने वाचून काढलं, धपाट्यासकट.

जुना दादा कुठे गेला याचं उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होतं. तो कुठे गेलाच नाही. नमुन्याचं मशीन इतकं जुनं आहे की त्याचं नव्या दादाशी पटेना, म्हणून जुन्याला त्याच्या दिमतीला मागच्या खोलीत ठेवला होता. नमुने काढायचे असले की मांडणीवाली दोघांना मिळून चालू करते आणि जाताना मिळून बंद करते. तिच्या लेखी तो दादा नव्हताच, नमुन्याच्या मशीनची शेपटी होती.

आम्ही मागे गेलो. मशीनच्या आड, जुन्या पडद्याचं फडकं पांघरून तो बसला होता. तिने त्याला पडदा जोडला (म्हणजे स्क्रीन, फडकं नव्हे) आणि आमच्या कागदांचं कपाट उघडलं. छोट्या, सगळं तिथे होतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं होतं, डोळ्यांच्या थेंबांचं होतं. तिने मुलांच्या तापाचा कागद उघडला. 'अर्धा चमचा.' माझंच होतं, कारण चमचा या शब्दापुढे मी नेहमी कंसात लहान असं लिहिते, ते दुसरं कुणी लिहीत नाही.

मी तिथेच, कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि मोठ्याने रडले. मांडणीवाली घाबरून पाणी आणायला धावली, आणि तिला धावताना पाहून मालक आले. तिने त्यांना सगळं दाखवलं, पाच आणि वीस, दोन्ही कागद. त्यांनी वाकून दोन्ही कागद स्वतः वाचले. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. मीच तुमच्यावर विश्वास ठेवला नाही."

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही एकटे कुठे? मीही तुमच्याच बाजूने होते."

 त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा करून आणला. त्यात साखर नव्हती. पण मी तो सगळा प्यायले.

आता हे असं का झालं, ते मला कळेल अशा भाषेत लिही. आणि पुन्हा होणार नाही असं कर.

ताई

•

७ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्रातला पहिला शब्द वाचून मी खुर्चीतून उठलो आणि कॉरिडॉरमधे चालत सुटलो. एका नर्सने विचारलं, घरी बाळ झालं का? मी हो म्हणालो, समजावून कोण सांगणार. तिने अभिनंदन केलं.

का झालं ते सांगतो. तुझा कॉम्प्युटर सगळ्यांत जुना. काही वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात हाताने लिहून ठेवलं, की नावाचा पत्ता आधी दादालाच विचारायचा, त्याने उत्तर दिलं नाही तरच राउटरला. तेव्हा ते बरोबर होतं. तेव्हा दादा एकच होता आणि सगळ्यांची चौकशीही तोच सांभाळायचा. नवा आला तेव्हा बाकीच्यांचे कॉम्प्युटर थेट राउटरला विचारायला लागले. तुझ्याकडे ती ओळ तशीच राहिली. आता साध्या दिवशी तुझा कॉम्प्युटर जुन्या दादाला हाक मारतो, तो बंद असतो. थोडी वाट बघून तो राउटरला विचारतो आणि वीसवर जातो. सकाळी वेळ लागायचा तो या वाट बघण्याचा. नमुन्याच्या दिवशी जुना जागा असतो. दादा कुठे, असं विचारलं की तो म्हणतो, हा काय, मीच. खोटं नाही बोलत, त्याचंही नाव दादाच आहे.

घरोघरी असतं तसंच. मांडणीवाली 'दादा' म्हणाली तर तिचा भाऊ वळून बघेल, तू म्हणालीस तर तुझा दीर. नाव एक, पण कोण विचारतंय त्यावर माणूस ठरतो. आपण माणसं हे गोंधळ न घालता निभावतो, यंत्रांना ते येत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. कुठे काय बदलायचं ते खाली लिहिलंय. हाताने लिहिलेली ती ओळ पुसायची आणि पत्ता राउटरकडून आपोआप घ्यायला सांगायचं. जुन्याचं चौकशीचं काम बंद करायचं. आणि कृपा करून त्याचं नाव बदला. हे सगळं झाल्यावर नमुन्याच्या दिवशीच तपास. माझ्यासारखी घाई करू नकोस.

तू ठणठणीत आहेस, ताई. तू सगळं दोनदा केलंस आणि दोन्हीदा बरोबर केलंस.

छोट्या

•

१५ फेब्रुवारी

छोट्या,

कॉम्प्युटरवाला आला, तू लिहिलेलं वाचलं, मान डोलावली आणि हे मी सांगणारच होतो म्हणाला. या खेपेला त्याला चहा मिळाला नाही. काल नमुन्याचा दिवस होता. मशीन घरघरत असताना मी पिंग केलं, वीस. मांडणीवालीने टाळी वाजवली. जुन्याच्या नव्या नावावर मालकांनी सगळ्यांना बसवून चर्चा केली, जशी बारशाला करावी तशी. शेवटी 'नमुना' ठरलं. सगळ्यांचं म्हणणं, त्याने जे करून ठेवलं त्यावर हेच शोभतं.

आता मी आणि मांडणीवाली दोन्हीकडचे कागद समोरासमोर ठेवून एक करतोय. किचकट काम आहे. 'पोटात' ठेवायचं की 'तोंडाने' यावर आमचं रोज भांडण होतं, आणि भांडताना ती मला जपून बोलत नाही. मुलांच्या तापाचा कागद 'अर्धा चमचा (लहान)' असा छापून आला. मी तो घरी आणून पुन्हा वाचला. घडी मलाही घालता आली नाही.

काम सोडत नाही, हे वेगळं लिहायला नकोच.

तुला एक सांगायचं राहिलं. मी यांना माझ्या भीतीचं सांगितल्यापासून ते बदलले होते. तुला माहीत आहे ना, माझं काही चुकलं की चेष्टा केल्याशिवाय यांना जेवण पचत नाही. लग्न झाल्यापासून तेच. ती चेष्टा एकाएकी थांबली. माझी किल्ली सापडेना की काही न बोलता शोधून हातात द्यायचे. दूध उतू गेलं की गुपचूप ओटा पुसायचे. एकदा मी त्यांचा चष्मा फ्रिजमधे ठेवला, तर तो पुसून डोळ्यांवर घातला आणि गार वाटतंय एवढंच म्हणाले. इतकी वर्षं मी ज्या चेष्टेवर चिडत आले, ती नसलेल्या घरात मला रात्री झोप येत नव्हती. यंत्राचं कळल्यावर त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी ऐकलं, बरं झालं म्हणाले, पण चेष्टा काही परत आली नाही. त्यांची भीती गेली नव्हती बहुतेक.

आज संध्याकाळी मीठ संपलं म्हणून मी खाली दुकानात गेले. कांदे घेतले, साबण घेतला, बिस्किटं, काडेपेट्या, दोन झाडू स्वस्त होते तेही घेतले. वर आले आणि सगळं टेबलावर मांडलं. मीठ नव्हतं. पिशवी उलटी करून झटकली तरी नव्हतं. हे दारात उभे होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी जागच्या जागी गोठले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"असू दे," ते म्हणाले, "आज भाजीत झाडू घालू."

मी इतकी हसले की मला खुर्ची धरावी लागली. आणि हे चपला घालून मीठ आणायला गेले, जिना उतरताना तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्या नावाने ओरडत.

ताई